गोष्ट सांगताना पोरांना गप्प बसवू नका

अंगणवाडीतली ३ ते ६ वर्षांची पोरं हाताची घडी तोंडावर बोट करून गोष्ट ऐकतील ही अपेक्षाच सोडा, त्यांना गोष्टीत कामाला लावा. त्यासाठी म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट एक नंबर, कारण तिच्यात तेच तेच परत येतं आणि पोरांना नेमकं तेच आवडतं (मोठ्यांना बोअर होतं, तो आपला प्रॉब्लेम).

सगळ्यांना अर्धगोलात बसवा. म्हातारी काठी टेकत निघाली की सगळ्यांनी कमरेत वाकून टकटक करायचं, वाघ आला की तुम्ही ओरडायचं नाही उलट आवाज एकदम खाली आणायचा, मग बघा कसे पुढे सरकून सरकून ऐकतात. "लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन" इथपर्यंत म्हणा आणि थांबा, खरंच थांबा, दोन-तीन सेकंद, कोणीतरी "जाडजूड होईन" म्हणतंच. परतीच्या वाटेवर "चल रे भोपळ्या" तुम्ही, "टुणुक टुणुक" त्यांनी, उड्या मारत.

मध्येच विचारा, तुम्ही कुठे लपला असता? हो-नाही वाले प्रश्न नकोत. कोणी म्हणालं भोपळ्यात मोबाईल होता तर असू दे, लावू दे म्हातारीला लेकीला फोन.

एखादं पोर घाबरलं तर त्यालाच वाघ करा. दहा-बारा मिनिटं बास. दुसऱ्या दिवशी "तीच सांगा" म्हणाले तर तीच सांगा, फक्त भोपळ्याच्या जागी मुद्दाम कलिंगड म्हणा, सगळे तुटून पडतात तुमच्यावर.