लिनक्सवर थंडरबर्ड लावायचंय? असं करा

थंडरबर्ड म्हणजे कॉम्प्युटरवर ईमेल बघायचा प्रोग्रॅम. उबंटूत (लिनक्सचाच एक प्रकार) बऱ्याचदा थंडरबर्ड आधीच असतंय, आधी मेनूत बघा की, नसलं तर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून 'sudo apt install thunderbird' मारा, झालं. उघडल्यावर नाव आणि ईमेल पत्ता टाका, जीमेल असलं तर सर्व्हरची माहिती ते स्वतःच शोधतंय, मग ब्राउझरसारखी खिडकी येते त्यात लॉगिन करून परवानगी द्यायची.

आयमॅप (मेल सर्व्हरवरच राहतात) का पॉप (मेल या कॉम्प्युटरवर उतरवून घेतो) विचारलं तर डोळे झाकून आयमॅप घ्या, म्हणजे मोबाईलवर वाचलेला मेल इथं पण वाचलेलाच दिसतो. हातानं भरायची वेळ आलीच तर जीमेलला येणाऱ्या मेलचा पोर्ट (सर्व्हरच्या जोडणीचा नंबर) ९९३, जाणाऱ्याचा ४६५, दोन्हीला एसएसएल (सुरक्षित जोडणी).

आता आपल्या भागातली खरी कटकट. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं मेल मराठीत पण येतात आणि ऑफिसातले कन्नडमध्ये पण, आणि फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन! लोकं थंडरबर्डला शिव्या घालतात, त्याचा काय दोष ओ, टर्मिनलमध्ये 'sudo apt install fonts-indic' मारून भारतीय लिप्यांच्या फॉन्टचं पॅकेज टाका आणि प्रोग्रॅम बंद करून परत उघडा, दोन्ही लिप्या दिसतील.

पावसाळ्यात नेट गेलं तरी जुने मेल वाचायचे असतील तर अकाउंट सेटिंग्जमध्ये सिंक्रोनायझेशनला जाऊन मेसेज कॉम्प्युटरवर ठेवायची टिक आहे का बघा. डिस्क लहान असली तर फक्त अलीकडचे ठेवा.

बॅकअपला होम फोल्डरमधलं लपलेलं '.thunderbird' फोल्डर कॉपी करायचं, फाइल्सच्या खिडकीत कंट्रोल-एच दाबल्यावर दिसतंय. नव्या उबंटूत मात्र ते होममधल्याच 'snap' फोल्डरच्या आत असतंय, तिथं शोधा. कॉपी करताना थंडरबर्ड बंद पाहिजे.