आईबाबा-पोरांना घेऊन इटली: तीनच शहरं धरा, निवांत फिरा

आमच्या कोल्हापुरात कुणीही इटलीचा प्लॅन सांगायला लागलं की त्यात रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान, जमलं तर नेपल्स आणि वर दोन दिवस स्वित्झर्लंड असं सगळं दहा दिवसात बसवलेलं असतं, आणि बरोबर कोण तर पासष्टी ओलांडलेले आईबाबा आणि आठ वर्षांची पोरगी. नका करू असं. शहर बदलायचं म्हणजे सकाळी आवराआवर, बॅगा, चेकआऊट, स्टेशन, आणि पुढच्या हॉटेलात रूम मिळणार दुपारी दोन-तीनला, म्हणजे तो दिवस गेलाच समजा. पाच शहरं केली तर असे चार दिवस जातात.

आम्ही पाचजण गेलतो तेव्हा दहा रात्री अशा वाटल्या: रोम चार, फ्लॉरेन्स चार, व्हेनिस दोन. विमानाचं तिकीट काढताना रिटर्न न बघता मल्टी-सिटी हा पर्याय घ्या, जाताना मुंबई-रोम आणि येताना व्हेनिस-मुंबई, म्हणजे परत रोमला उलटं यायचा हेलपाटा वाचतो. महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला सकाळी उतरून त्याच सकाळचं विमान पकडायच्या भानगडीत अजिबात पडू नका, मध्ये एक रात्र मुंबईत काढा. महिना म्हणाल तर पोरांची मे महिन्याची सुट्टी एकदम चांगली, तिकडं हवा छान असते, नाहीतर मग सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टला तिकडं ऊन लई असतं आणि 15 ऑगस्टच्या आसपास त्यांचीच सुट्टी असल्यामुळं बरीच दुकानं बंद असतात.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळं मे ला जायचं असेल तर दिवाळी झाली की कागद जमवायला घ्या. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा पाहिजे, आणि पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी शिल्लक पाहिजे, आईबाबांचे पासपोर्ट आजच कपाटातून काढून बघा.

शहरांमध्ये फिरायला ट्रेनच. रोम ते फ्लॉरेन्स साधारण दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तास. फ्रेच्चारोस्सा आणि इतालो या दोन्ही फास्ट गाड्यांची तिकिटं लवकर काढली की स्वस्त पडतात. पिसा किंवा लुक्का करायचं असेल तर फ्लॉरेन्सहून साध्या लोकल गाडीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत या, तिचं भाडं ठरलेलं असतं, आधी बुकिंगची गरज नाही. फक्त कागदी तिकीट घेतलं तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मजवळच्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड बसतो. गाडी भाड्यानं घेऊ नका, जुन्या गावभागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि कॅमेऱ्यात सापडलात की दंडाची चिठ्ठी नंतर घरी येते.

आता रोजचं. दिवसाला एकच बुकिंग, ते पण सकाळचं. कलोसियम एक दिवस, व्हॅटिकन म्युझियम एक दिवस, बास. दुपारी रूमवर या, आईबाबा पाठ टेकतील, पोरगी झोपेल, आणि पाचनंतर पुन्हा बाहेर पडून एखाद्या चौकात बाकावर जेलातो, म्हणजे तिकडचं आइस्क्रीम, खात बसा. कलोसियमच्या तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि त्या दिवशी फुकट असल्यामुळं गर्दी तुफान. फ्लॉरेन्सचं उफीझी म्युझियम आणि डेव्हिडचा पुतळा जिथं आहे ते अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, एक ओढणी पिशवीत असू द्या. फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चच्या घुमटाला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, गुडघेदुखी असणाऱ्यांना खालीच बसवा, तोच घुमट पियाझाले मिकेलांजेलो या टेकडीवरच्या चौकातून मस्त दिसतो आणि तिथं वरपर्यंत बस जाते.

फ्लॉरेन्सला चार रात्री का, तर आपल्यासाठी तिथं एक खास जागा आहे. आपल्या कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली इंग्लंडला गेले होते, परत येताना फ्लॉरेन्समध्ये 30 नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं, वय फक्त वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्या मिळतात तिथं काठावर त्यांना अग्नी दिला. त्याच जागी, कॅसिने नावाच्या मोठ्या बागेच्या पार टोकाला, 1874 ची छत्री आहे आणि तिच्याखाली महाराजांचा अर्धपुतळा. छत्रीचं डिझाइन मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदाचं, म्हणजे आपल्या कोल्हापुरातल्या नव्या राजवाड्याचं डिझाइन ज्यानं केलं तोच. शेजारच्या पुलालाही तिथले लोक इंदियानो, म्हणजे भारतीय, म्हणूनच ओळखतात. आमच्या बाबांनी तिथं बूट काढले, हात जोडले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग पोरीला जवळ घेऊन सगळी गोष्ट सांगितली. बाग साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब आहे, वयस्कर माणसं असतील तर थेट टोकापर्यंत टॅक्सी करा, आणि परतीची गाडी कशी मिळणार ते आधी ठरवा.

जेवणाचं बघा. तिन्ही ठिकाणी किचन असलेलं अपार्टमेंट घ्या, रात्री वरणभात टाकला की आईंचा चेहरा फुलतो. मेतकूट, कांदा-लसूण चटणी, भाजणी खुशाल न्या, पण पेढे, तूप, खवा असलं दुधाचं काही आणि मटणाचं लोणचं वगैरे बॅगेत घालू नका, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. शाकाहारी असाल तर 'सेन्त्सा कार्ने' म्हणजे मांस नको, आणि सूप मागवताना मुद्दाम विचारा कारण ते बऱ्याचदा मटणा-चिकनच्या पाण्यात करतात. आपल्या जिभेला लसूण आणि लाल मिरचीचा आल्यो ए ओल्यो पास्ता लगेच पटतो. बरीच हॉटेलं रात्रीच्या जेवणाला साडेसातशिवाय उघडत नाहीत, पोरांसाठी काहीतरी खायला जवळ ठेवा. बिलात कोपेर्तो दिसलं तर घाबरू नका, माणशी टेबलाचे पैसे असतात ते. कॉफी काउंटरला उभं राहून प्यायली की स्वस्त. रोममध्ये रस्त्यावरच्या लोखंडी नळांचं पाणी प्यायचं असतं, बाटली भरत राहा.

व्हेनिसला ट्रेनचं तिकीट सांता लुचियापर्यंतचं काढा, मेस्त्रे हे त्याच्या आधीचं, पाणी ओलांडायच्या अलीकडचं स्टेशन. गावात गाड्या नाहीत आणि जिथं तिथं पायऱ्यांचे पूल, मोठी बॅग उचलून तीन पूल चढलं की हात भरून येतात, म्हणून प्रत्येकाला स्वतः उचलता येईल एवढीच बॅग, आणि राहायची जागा बोटीच्या थांब्याला लागून घ्या. बोटीचं सिंगल तिकीट साडेनऊ युरोचं आणि चालतं 75 मिनिटंच, दिवसाचा पास काढला की बरं पडतं. एक नंबरच्या बोटीत शक्यतो संध्याकाळी चढा आणि ग्रँड कॅनॉल टोकापासून टोकापर्यंत बसून बघा, आईबाबांना एक पाऊल चालावं लागत नाही. परतीचं विमान सकाळचं असेल तर शेवटची रात्र पियाझाले रोमाजवळ काढा, विमानतळाची बस तिथूनच सुटते.