पुण्याच्या पेठांत मार्गदर्शकासह अर्धा दिवस: निघण्यापूर्वीची तयारी

परगावाहून आलेल्या आपल्या माणसांना जुने पुणे दाखवायचे ठरते, केवळ आपल्या चार-पाच जणांसाठी एखादा जाणकार मार्गदर्शक मिळतो, सकाळची वेळ पक्की होते, आणि तेवढ्यावर तयारी झाली असे सगळे धरून चालतात. ही यादी ज्यांच्याबरोबर निदान एक वयस्क माणूस असणार आहे अशा कुटुंबांसाठी आहे. तिच्यातली एक ओळ गेल्या खेपेस आमच्या यादीत नव्हती आणि तिच्यापायी अर्धी सकाळ हातची गेली, म्हणून ती सर्वांत आधी लिहितो: प्रत्येक थांब्यावर मार्गदर्शक बोलत असताना वडीलधारी माणसे कोठे बसणार, हे आधी ठरवा.

चालण्याची काळजी सगळेच करतात. शनिवारवाड्यापासून महात्मा फुले मंडईपर्यंतचे अंतर किलोमीटरभराहून फारसे अधिक नाही, आणि सत्तरी ओलांडलेली पुष्कळ माणसे तेवढे आनंदाने चालतात. थकवा येतो तो उभे राहण्याने. जुन्या पुण्याच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे, कारण येथे डोळ्यांपेक्षा कानांना काम अधिक आहे. शनिवारवाड्याचा आतला राजवाडा 1828 च्या आगीत गेला, तेव्हा आज उरले आहेत ते तट, दरवाजे, नगारखाना आणि जोती. बुधवारवाडा 1879 मध्ये जळाला. आज दिसणारा लालमहाल महानगरपालिकेने 1980 नंतरच्या दशकात बांधलेला आहे. ज्या भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा सुरू केली, त्याची जुनी इमारत राष्ट्रीय स्मारकासाठी 2023 च्या डिसेंबरमध्ये उतरवण्यात आली. म्हणजे पाहणाऱ्यासमोर बहुतेक ठिकाणी मोकळी जागा किंवा नवी भिंत असते, आणि जे काही उभे राहायचे ते मार्गदर्शकाच्या बोलण्यातून उभे राहते. ते बोलणे एकेका ठिकाणी पंधरा-वीस मिनिटे चालते. तेवढा वेळ दुखऱ्या गुडघ्यांवर उभा असलेला माणूस नारायणरावाच्या खुनाची हकीकत ऐकत नसतो, तो टेकायला कठडा शोधत असतो.

मार्गदर्शक ठरवताना मानधन, भाषा, प्रवेशशुल्क त्यात धरले आहे की निराळे, हे सगळे विचारालच. त्याखेरीज तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. पहिली म्हणजे थांब्यांची यादी त्यांच्याकडून लेखी मागवा आणि ती निम्म्यावर आणा. चार तासांत बारा ठिकाणे दाखवण्याची तयारी पुष्कळजण दाखवतात, आणि त्यांचा हेतूही चांगला असतो, परंतु चार तासांत सहा ठिकाणे नीट होतात. सातवे ठिकाण वाटेवर पडले तर पाहावे, त्यासाठी घाई करू नये. दुसरी म्हणजे बरोबरच्या माणसांची कल्पना द्या: कोणाला ऐकू कमी येते, कोणाला इतिहास आधीच ठाऊक आहे, कोणी बडोद्याचे किंवा इंदूरचे असून पेशवाईच्या गोष्टी घरच्यासारख्या ऐकत वाढलेले आहे. बडोदे आणि इंदूर ही संस्थानेच मुळी मराठा सरदारांची, त्यामुळे चांगला मार्गदर्शक तो धागा उचलतो आणि परगावच्या पाहुण्याला परके वाटू देत नाही. तिसरी गोष्ट तीच. यादीतल्या एकेका ठिकाणाचे नाव घ्या आणि विचारा: येथे आपण नेमके कोठे उभे राहून बोलता, आणि त्या वेळी आई कोठे बसेल? ‘होईल काहीतरी सोय’ हे उत्तर घेऊ नका. ‘देवळात बसता येते की’ हेही घेऊ नका, कारण देवळात बसायचे ते जमिनीवर, आणि ज्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना जमिनीवर बसता येत नाही, बसलेच तर उठता येत नाही. बसणे म्हणजे गुडघ्याच्या उंचीवर बसणे, एवढे स्पष्ट सांगा.

दिवस निवडताना गणेशोत्सव आणि पालख्यांच्या मुक्कामाचे दिवस टाळा. ते पाहायचे असतील तर तो स्वतंत्र बेत आहे, त्यात मार्गदर्शकाचे बोलणे ऐकू येणार नाही आणि रस्तेही बंद असतात. लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर लक्ष्मी रस्ता व तुळशीबाग यांत पाऊल ठरत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात दगडी पायऱ्या निसरड्या होतात आणि बाहेरची प्रत्येक बसण्याची जागा ओली असते, हा मुद्दा कोणी लक्षात घेत नाही. कोणती वास्तू कोणत्या दिवशी बंद असते आणि कोठे दुरुस्तीचे काम चालू आहे, हे आदल्या दिवशी मार्गदर्शकाला विचारून घ्या. विश्रामबागवाड्याबाबत तर नक्कीच विचारा.

क्रम असा ठेवा की उघड्यावरचे ठिकाण पहिले आणि सावलीतली नंतर. म्हणून आरंभ शनिवारवाड्यापासून, आणि तोही तो उघडण्याच्या वेळेला. 10 जानेवारी 1730 रोजी पायाभरणी आणि 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांत, हे मार्गदर्शक दिल्ली दरवाज्याबाहेर सांगेल. दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे हत्तींच्या धडकेपासून संरक्षणासाठी आहेत, हेही तेथेच. हा भाग उभ्याने ऐकायला हरकत नाही, तो लहान असतो. आत गेल्यावर मात्र जोत्यांवरून फिरत फिरत ऐकण्याची पद्धत मोडा. आधी बाकावर किंवा बसता येईल अशा कट्ट्यावर सगळ्यांना बसवून वाड्याचा जुना आराखडा आणि चित्रे मार्गदर्शकाकडून समजून घ्या, गणेश दरवाजा कोणता, मस्तानी दरवाजा कोणता, हजारी कारंजे कोठे, हे बसल्या जागेवरून दाखवायला सांगा, आणि मग ज्यांना फिरायचे असेल त्यांनी फिरावे. नगारखान्यावर जाणाऱ्या पायऱ्या उंच आहेत. वर जाणारे आणि खाली थांबणारे अशी विभागणी आधीच करून टाका, म्हणजे दारात उभे राहून ‘तुम्ही या, मी थांबते’ हा संकोचाचा संवाद घडत नाही. खाली थांबणाऱ्या माणसाजवळ घरातले एकजण थांबावे. वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहे, तेव्हा छायाचित्रांसाठी कॅमेऱ्याची तिवई (ट्रायपॉड) आणू नका, तिला परवानगी लागते.

लालमहाल जवळच आहे आणि शाहिस्तेखानावरच्या 1663 च्या छाप्यासाठी तो थांबा घ्यावाच, परंतु शिवाजी रस्त्याची वर्दळ इतकी की बाहेर उभे राहून बोलण्यात अर्थ नाही. ती हकीकत शनिवारवाड्यातच, बसलेले असताना, ऐकून घ्या आणि लालमहालात फक्त पाहा. या एका बदलाने वीस मिनिटांचे उभे राहणे वाचते. हाच नियम पुढेही चालवा: पुढच्या ठिकाणाची गोष्ट आधीच्या ठिकाणी, जेथे बसायला जागा आहे तेथे. चांगल्या मार्गदर्शकाला यात काहीच अवघड नाही, फक्त ते त्याला आदल्या दिवशी ठाऊक हवे, कारण त्याच्या बोलण्याची बांधणी ठिकाणांवर झालेली असते आणि ऐन वेळी ती फिरवताना त्याचा सूर जातो.

कसबा गणपती हे ग्रामदैवत. जिजाबाईंच्या काळाशी त्याचे नाते आहे, आणि विसर्जन मिरवणुकीत पहिला मान त्याचा. दर्शन लवकर होते. तेथून सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीकडे जायचे की नाही, हा या यादीतला सर्वांत कठीण निर्णय आहे. माझे मत विचाराल तर तुळशीबाग आखडती घ्यावी, पण त्रिशुंड गणपती सोडू नये. 1754 मध्ये सुरू होऊन 1770 मध्ये पुरे झालेले हे दगडी मंदिर पुण्यातल्या बाकीच्या लाकूड-विटांच्या देवळांहून अगदी निराळे आहे, त्याच्या दर्शनी भागावर गेंड्याला साखळदंडाने बांधणारे गोरे शिपाई कोरलेले आहेत, गाभाऱ्यावर संस्कृत आणि फारसी लेख आहेत, आणि मूर्तीला तीन सोंडा आहेत. ते शिल्प पाहून पेठेत राहणारी माणसेसुद्धा थक्क होतात. मात्र येथे जाण्यासाठी रिक्षाच करा, चालवत नेऊ नका. आणि येथेच ती यादीतली ओळ पुन्हा वाचा: दर्शनी भिंतीवरचे शिल्पकाम वाचायला वेळ लागतो, ते मान वर करून पाहावे लागते, आणि समोर बाक असेलच असे गृहीत धरता येत नाही. घडीचे स्टूल बरोबर न्या. वजनाला हलके, पिशवीत मावणारे मिळते. दोन वयस्क असतील तर दोन न्या, आळीपाळीने बसण्याच्या सूचना कोणी पाळत नाही, प्रत्येकजण दुसऱ्याला बस म्हणतो आणि दोघेही उभे राहतात. स्टूल उचलण्याची जबाबदारी एका तरुण माणसाच्या नावावर लिहा. सर्वांची असलेली वस्तू गाडीत राहते.

याच सुमारास चहा घ्या. अमृततुल्यात उभ्याने घ्यायचा चहा चवीला कितीही चांगला असला तरी या सकाळी तो उपयोगाचा नाही, जेथे खुर्ची आणि स्वच्छतागृह आहे असे उपाहारगृह मार्गदर्शकाला विचारून आधीच ठरवा. स्वच्छतागृहाची बाब वयस्क मंडळी संकोचाने बोलत नाहीत आणि त्यापायी पाणी पिणेच टाळतात, म्हणून त्याची जागा त्यांना आधी सांगून टाकावी. खुर्चीवर निवांत बसण्याची ही अर्ध्या तासाची वेळ मार्गदर्शकासाठीही सोन्यासारखी आहे: कात्रजहून नानासाहेब पेशव्यांच्या काळात आणलेले पाणी, पेठांतले हौद, फुले दांपत्याची शाळा, हे सगळे येथे सांगून होते. भिडेवाड्याच्या जागेसमोर, दगडूशेठ गणपतीच्या गर्दीत उभे राहून ते सांगणे म्हणजे त्या विषयावर अन्याय आहे. गोष्ट आधी नीट ऐकावी आणि मग त्या जागेसमोरून जाताना थांबून नमस्कार करावा.

पादत्राणे सहज निघणारी घाला, पाणी न्या, टोपी न्या, रोजची औषधे न्या. सुटे पैसे. भ्रमणध्वनी भरलेला. यावर अधिक लिहीत नाही.

उत्तरार्ध मात्र थोडक्यात. बेलबाग हे नाना फडणीसांचे देवस्थान, गर्दीच्या रस्त्याला लागून असूनही आत शांत. वेळ असेल तरच. तुळशीबागेतले राममंदिर नारो अप्पाजी खिरे यांनी 1761 च्या सुमारास बांधायला घेतले. ते पाहा, आणि भांड्यांच्या दुकानांत शिरणाऱ्यांना तेथेच वेळ बांधून द्या, नाहीतर सकाळ तेथेच संपते. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा, त्याच्या दर्शनी भागाचे सुरूच्या झाडासारख्या घाटाचे नक्षीदार लाकडी खांब रस्त्याच्या पलीकडून चांगले दिसतात, परंतु पदपथावर उभे राहू देत नाहीत इतकी रहदारी असते, तेव्हा आत प्रवेश असेल तर आत, नसेल तर दोन मिनिटांत पुढे. स्टूल पदपथावर मांडू नका. एव्हाना मंडळी दमलेली असतात आणि कोणी तसे म्हणणार नाही, ते तुम्ही ओळखायचे आहे. आई ‘मी ठीक आहे’ म्हणेल, ते ऐकून पुढे जाऊ नका, बसवा.

शेवट मंडईत. 1886 मध्ये उघडलेली ही अष्टकोनी इमारत, तिच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीरावांनी केलेला विरोध, आणि पुढे त्यांचेच नाव तिला मिळणे, एवढे सांगून मार्गदर्शकाने थांबावे. दुपारी एकच्या पुढे कार्यक्रम नेऊ नका. जुनी दुकाने तेव्हापासून चारपर्यंत बंद असतात आणि ऐकणाऱ्यांचे लक्षही उरत नाही. मानधन पाकिटात आधीच वेगळे ठेवलेले असावे. परतीसाठी मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक 2024 च्या सप्टेंबरपासून सुरू आहे आणि त्याला उद्वाहक आहे, किंवा रिक्षा आधी बोलावून ठेवा. रिक्षा येईपर्यंत बसायला जागा कोठे आहे, तेही त्याच लेखी यादीत मार्गदर्शकाकडून लिहून घ्या.