चुनखडीने कार्बन पकडताना या चुका टाळा

चुनखडी भाजून केलेला चुना धुरातला कार्बन डायऑक्साइड धरतो आणि पुन्हा भाजला की सोडतो, ही झाली एक फेरी. प्रयोगशाळेत हा चुना उत्तम चालतो, खऱ्या धुरावर लावला की थोड्याच फेऱ्यांत मलूल पडतो. मग बहुतेक जण म्हणतात, सिंटरिंग झालं. ते होतंच, भट्टीच्या तापात कण जुळतात, बारीक छिद्रं बुजतात. पण सगळं खापर त्याच्यावर फोडू नका. आधी गंधक मोजा.

कळीचा चुना ६५० अंश सेल्सिअसच्या सुमारास कार्बन डायऑक्साइड घेतो आणि ९०० च्या आसपास भाजला की सोडतो. सल्फर डायऑक्साइडशी मात्र त्याचं कॅल्शियम सल्फेट होतं, ते या तापाला फुटत नाही. शिवाय ते जागा जास्त खातं: चुन्याच्या एका मोलला (मोल म्हणजे कणांच्या ठरावीक संख्येचं माप) सुमारे १७ घन सेंटिमीटर लागतात, सल्फेटला ४६. छिद्रांची तोंडं बंद होतात आणि आतला धडधाकट चुनाही वाया जातो.

"गंधक पीपीएममध्येच (दहा लाखांत काही भाग) आहे" हा युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो. समजा धुरात १४ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि १००० पीपीएम सल्फर डायऑक्साइड आहे. म्हणजे १४० ला १. शंभर मोल चुन्याने फेरीला १५ मोल कार्बन डायऑक्साइड धरला, तर सोबत ०.१ मोल गंधक येतं. कार्बन दर फेरीला बाहेर पडतो, गंधक साठत जातं. वीस फेऱ्यांत दोन मोल कायमचे गेले, तेही मुळात १५ मोलच कामाला येत असताना. भाजणीच्या भट्टीत कोळसा जळत असेल तर त्यातलं गंधक वेगळंच. नुसता धूर धुऊन भागत नाही, इंधनही तपासावं लागतं.

उलट पाण्याच्या वाफेला अशुद्धी समजून चाचणीतून वगळू नका. ती कार्बन धरायला मदत करते. कोरड्या वायूवरचे आकडे म्हणूनच फसवतात. हायड्रोजन क्लोराइड असेल तर कॅल्शियम क्लोराइड बनू शकतं, ते ७७२ अंशांना वितळतं. कण चिकटू लागले तर तिकडेही पाहा.

निदानासाठी बाहेर काढलेल्या चुन्यात सल्फेट आणि पृष्ठफळ दोन्ही मोजा. सल्फेट कमी आणि पृष्ठफळ घटलेलं असेल तर भाजणीचा ताप किंवा वेळ कमी करा, वाफेने चुना विरवूनही पाहा. सल्फेट जास्त असेल तर आधी गंधक काढा, आणि तोवर ताज्या चुनखडीची भर वाढवा.