को-ऑप डेक-बिल्डिंग गेम : कार्डाचा अर्थ लावताना या चुका टाळा

समोर प्रतिस्पर्धी असला की तो तुम्हाला सवलत घेऊ देत नाही. खेळता खेळता नवी कार्डं घेऊन स्वतःची गड्डी (डेक) वाढवायच्या 'ईऑन्स एंड'सारख्या को-ऑप गेममध्ये मात्र सगळे भिडू एका बाजूला, आणि त्यांचा सामाईक शत्रू 'नेमेसिस' म्हणजे नुसती पत्त्यांची गड्डी. ती काही भांडायला येत नाही. त्यामुळे कार्डावरचं वाक्य दोन प्रकारे लागत असेल तर टेबलावरचे सगळे नकळत सोयीचा अर्थ धरतात. मग तासाभराने तेच वाक्य अंगाशी येतं आणि 'मघाशी तर असं केलं होतं' सुरू होतं.

सगळ्यात जास्त गोंधळ जुन्या सवयीमुळे होतो. रमी खेळत वाढलेला माणूस पत्ते संपले की आपसूक पिसायला घेतो. ईऑन्स एंडमध्ये खेळाडूचा डेक संपला तरी पिसतच नाहीत. डिस्कार्डचा, म्हणजे वापरून टाकलेल्या कार्डांचा, ढीग आहे तसा उलटा करतात, तोच नवा डेक. म्हणून कुठलं कार्ड ढिगात कधी गेलं, यावर सगळं ठरतं. समजा, तुम्ही तीन क्रिस्टल (चलनासारखी सुरुवातीची कार्डं) खेळून नवा जेम (चलनाचंच कार्ड) घेतलात. तो जेम लगेच ढिगावर जातो, क्रिस्टल टर्न संपताना त्याच्यावर, तुम्हाला हव्या त्या क्रमाने. ढीग उलटला की जेम क्रिस्टलच्या आधी हातात येणार. घाईत चारही कार्डं एकदम टाकणाऱ्याचा हा फायदा जातो. स्पेलचं, म्हणजे मंत्राच्या कार्डाचं, वेगळं : कास्ट केला (वापरला) की तो त्याच क्षणी डिस्कार्ड.

दुसरी चूक शब्द ढोबळ वाचण्याची. कोथरूडमधल्या आमच्या रविवारच्या बैठकीत नवा भिडू आला की हा प्रश्न हमखास येतो, "अरे, 'एनी अलाय' म्हणजे मी स्वतःला दिलं तर चालेल ना?" नाही चालत. अलाय म्हणजे तुमच्याशिवाय दुसरा भिडू. 'एनी प्लेअर' असेल तर तुम्हीही आलात. नेमेसिसचं कार्ड सगळ्यात कमी लाइफ असलेल्याला मारा म्हणत असेल आणि तशी लाइफ दोघांची सारखीच असेल, तर मार कोणी खायचा हे खेळाडूच ठरवतात. ही पळवाट नाही, नियमच आहे.

नेमेसिसची कार्डं टेबलावर कशीही पसरू नका. मिनियन (नेमेसिसचे साथीदार) आणि पॉवर (काही टर्ननंतर लागू होणारी कार्डं) जुन्याकडून नव्याकडे सोडवायची, म्हणजे त्यांचा परिणाम लागू करायचा असतो, तेव्हा आली तशी डावीकडून ओळीत लावा. अर्धे वाद तिथेच मिटतात.

शंका आली की लगेच मोबाइल काढू नका. आधी एकाने कार्ड अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचावं, मग नियमपुस्तिका उघडावी. कार्ड आणि पुस्तिका यांत विरोध दिसला तर कार्डाचं ऐकायचं. तरीही सुटलं नाही तर 2016 च्या 'आर्कहॅम हॉरर : द कार्ड गेम'मधला 'ग्रिम रूल' उसना घ्या : उत्तर सापडत नसेल तर त्या क्षणी खेळाडूंना सगळ्यात वाईट ठरेल तो अर्थ धरायचा आणि पुढे जायचं. मला हा नियम फार आवडतो, कारण जिंकल्यावर कुणाच्या मनात किंतु राहत नाही.

चुकीचा अर्थ लावला गेला हे नंतर कळलं तर मागच्या टर्न उलगडत बसू नका. तिथून पुढे बरोबर खेळा. कार्डाचं नाव आणि ठरलेला अर्थ चिठ्ठीवर लिहून डब्यातच ठेवा. प्रकाशकाचं अधिकृत उत्तर मिळालं की चिठ्ठी बदला.