गावच्या सभेत ‘बाहेरच्यां’चा विषय कसा घ्यावा

किनाऱ्यावरच्या गावात ‘बाहेरची माणसे वाढली’ या तक्रारीवर चर्चा ठेवायची असेल, तर ती १ मेच्या ग्रामसभेला जोडून ठेवावी. तेव्हा चाकरमानी आंब्यांसाठी गावी असतात आणि १ जूनपासूनच्या मासेमारीबंदीत घरी जाणारे नेपाळी खलाशी अजून होड्यांवर असतात. ग्रामसभा मतदारयादीतल्यांची असल्याने खलाशांचे म्हणणे आधी ऐकावे लागते, आणि ते जेटीवर जाऊनच ऐकावे. कार्यालयात बोलावलेला खलाशी नुसती मान डोलावतो.

सर्वांत आधी तक्रारी सुट्या कराव्यात, कारण ‘परप्रांतीय’ या एका शब्दात सगळेच कोंबले जाते. कर्नाटकातल्या मलपीकडचे ट्रॉलर १२ सागरी मैलांच्या आत येऊन मासळी ओढून नेतात, ही तक्रार १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली मत्स्यव्यवसाय विभागाकडे न्यावी. तिचा भाषेशी काही संबंध नाही. बागेच्या राखणीला नेपाळी गडी ठेवणारा बागायतदार बहुधा गावचाच असतो, तेव्हा मजुरीचा जाब त्यालाच विचारावा. ‘यांना हाकला’ असा ठराव तर कायद्यात बसत नाही. भारतीय नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिला आहे आणि नेपाळी नागरिकाला राहण्याची व व्यवसायाची मुभा १९५० च्या भारत-नेपाळ करारात आहे. हे आरंभीच वाचून दाखवावे. निम्मा आवाज तेथेच उतरतो.

मग उरतो भाषेचा आणि ओळखीचा प्रश्न, आणि खरा वेळ त्यालाच द्यावा. आमच्या बैठकीत एकाने ‘यांना मराठी येत नाही’ असे म्हणताच मागे उभा असलेला खलाशी ‘माका कळता’ म्हणाला, आणि मुद्दा तेथेच मिटला. कोणी ‘आपल्यात मिसळा’ म्हणाले, तर मिसळणे म्हणजे नेमके काय, हे त्याच्याकडून वदवून घ्यावे. अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलले, किहीमकर, पेणकर अशी गावावरून आडनावे त्यांनी लावली, तरी शनिवारी, धर्माने सांगितलेल्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवला. गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले आणि त्यांच्याकडूनच तेल घेतले. भाषा मागता येते, शनिवार मागता येत नाही, ही रेघ सभेत आखून घ्यावी. मुंबईत स्वतःचे ग्रामस्थ मंडळ चालवणाऱ्या चाकरमान्यांना ती लवकर पटते.

ठराव एकच आणि तपासता येण्याजोगा लिहावा: राखणदारांच्या मुलांसाठी शाळेत संध्याकाळी मराठीचा वर्ग, तो घेणाऱ्याचे नाव आणि सुरू होण्याची तारीख.