पायपीआयवर रिलीज टाकायचंय? आधी व्हील उघडून बघा

पायपीआय म्हणजे पायथन पॅकेजेसचं सार्वजनिक कोठार, आणि व्हील म्हणजे तिथे चढवायची, इन्स्टॉलला तयार पॅकेज फाइल. फोर्क, ब्रँच, पुल रिक्वेस्ट (पीआर) येतं असं धरतो. एका पीआरमध्ये एकच बदल, सोबत टेस्ट, चेंजलॉगमध्ये एक ओळ. मर्ज झालं की व्हर्जन वाढवा: बग फिक्स असेल तर शेवटचा आकडा, नवीन फीचर असेल तर मधला, लोकांचा चालू कोड मोडणार असेल तर पहिला. टॅग मारा.

आता खरं काम. नेटवर जिथे बघाल तिथे सांगतात की बिल्ड करा, ट्वाइनने (अपलोड करायचं टूल) अपलोड करा, झालं. अजिबात नाही झालं! पायपीआयवर एकदा गेलेली फाइल त्याच नावाने परत चढवता येत नाही, रिलीज डिलीट केलं तरी नाही. १.४.० मोडकी गेली की गेली, दुरुस्तीसाठी नवीन नंबरच काढावा लागतो. म्हणून जे काही तपासायचं ते अपलोडच्या आधी.

आणि टेस्ट हिरव्या आहेत यावर विसंबू नका. पॅकेजचं फोल्डर थेट रेपोच्या मुळाशी असेल आणि टेस्ट तिथूनच चालवत असाल तर पायथन बहुतेक वेळा समोरचंच फोल्डर उचलतो, म्हणजे तपासला जातो तुमचा सोर्स, व्हील नाहीच. टेम्प्लेटची फाइल व्हीलमध्ये गेलीच नाही, किंवा नव्या सबफोल्डरमध्ये इनिट फाइल (हे फोल्डर पॅकेज आहे असं सांगणारी) टाकायची राहिली म्हणून अख्खं सबपॅकेज गायब, हे तुम्हाला कधीच दिसत नाही, दिसतं ते इन्स्टॉल करणाऱ्याला, मॉड्यूल सापडत नाही म्हणून.

मी काय करतो ते सांगतो. डिस्ट फोल्डर आधी पूर्ण उडवायचं, जुन्या बिल्डच्या फाइल तिथेच पडून असतात. मग बिल्ड कमांड कुठलाही फ्लॅग न देता चालवायची, कारण तशी चालवली तर ती आधी एसडिस्ट (सोर्स कोडचं बंडल) बनवते आणि त्यातूनच व्हील बनवते, त्यामुळे एसडिस्टमध्ये काही राहिलं असेल तर ते इथेच उघडं पडतं. फक्त व्हीलचा फ्लॅग दिलात की ही तपासणी हातची गेली. व्हील ही साधी झिप फाइल असते, तिची यादी काढा आणि डोळ्यांनी वाचा, दोन मिनिटं लागतात. शेवटी रेपोच्या बाहेर नवीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनचं वेगळं, कोरं वातावरण), त्यात ते व्हील इन्स्टॉल, आणि रीडमीमधलं पहिलं उदाहरण जसंच्या तसं चालवायचं. ट्वाइन चेक जरूर चालवा, पण ते रीडमी पानावर नीट दिसेल की नाही एवढंच बघतं, आत काय आहे ते नाही.

टेस्टपायपीआय (पायपीआयची सरावासाठीची वेगळी साइट) पहिल्या वेळी पान कसं दिसतं ते बघायला ठीक आहे. तिथे तुमच्या डिपेंडन्सी (तुमचं पॅकेज ज्यांवर चालतं ती पॅकेजेस) असतीलच असं नाही, त्यामुळे तिथलं इन्स्टॉल फसलं तरी घाबरू नका.

अपलोडला ट्रस्टेड पब्लिशिंग वापरा, २०२३ पासून आहे: अपलोड तुमचा ऑटोमॅटिक वर्कफ्लो करतो आणि पायपीआय त्याला तेवढ्यापुरतं टोकन देतं. पायपीआयवर रेपो आणि वर्कफ्लोचं नाव नोंदवा, वर्कफ्लोला आयडी टोकनची परवानगी द्या. कायमचं टोकन कुठेही ठेवायचं नाही.

एवढं करूनही खराब रिलीज गेलंच तर डिलीट करू नका, प्लीज. २०१६ च्या मार्चमध्ये एनपीएमवरून (जावास्क्रिप्टचं पॅकेज कोठार) लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज काढलं गेलं आणि त्यावर अवलंबून असलेले जगभरचे बिल्ड पडले. त्याऐवजी यँक करा: नवीन इन्स्टॉलला पिप (पॅकेज इन्स्टॉल करणारं टूल) ते व्हर्जन टाळतो, पण ज्यांनी नेमकं तेच व्हर्जन पिन केलंय (नंबर पक्का लिहून ठेवलाय) त्यांचं चालू राहतं. यँक करताना कारण लिहा, त्या लोकांना पिप ते दाखवतो.